घरच्यांना सांगता तरी कसं?

बेळगावच्या शहापुरात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा, मी पाळणाघर चालवते म्हटलं की थोड्या वेळानं हा प्रश्न येतोच. "अक्का, पोराच्या डोक्यात उवा आहेत, नखं वाढलीत, पोर दुसऱ्याला चावतंय, हे सगळं घरच्यांना सांगता तरी कसं? रागावत नाहीत ती माणसं?" विचारणाऱ्यांत नव्यानं पाळणाघर काढलेल्या बायका असतात, अंगणवाडीतल्या असतात, आणि बऱ्याचशा आयाच असतात. त्यांनी कुणाकडून तरी हे ऐकून घेतलेलं असतं आणि ते अजून जिरलेलं नसतं.

रागावतात की. का रागावणार नाहीत? आपल्या लेकराबद्दल परक्या बाईनं बोललेलं कुणाला आवडतं? पण मी सांगण्याची गोड पद्धत शोधत बसत नाही. आधी बघते, सांगायचं कुणाला.

बहुतेक ठिकाणी सगळं आईलाच ऐकवतात. संध्याकाळी ती दारात उभी असते, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पोर, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आणि तेवढ्यात आतून आवाज येतो, "जरा स्वच्छतेकडे बघा हं तुमच्या." ती मान हलवते आणि जाते. आता त्यातलं तिच्या हातात किती असतं बघा. बँकेत, सरकारी नोकरीत बाळंतपणाची रजा सहा महिन्यांची, म्हणून तिथल्या आयांची बाळं माझ्याकडे सहा महिन्यांची होऊन येतात. दुकानात नाहीतर उद्यमबागच्या एखाद्या लहान कारखान्यात कामाला जाणारीचं बाळ त्याच्या आधी येतं, कारण तिला तेवढी रजा परवडत नाही नाहीतर मिळतच नाही. दोघींच्याही घरात पोराला अंघोळ आज्जी घालते, काजळ आज्जी घालते, नखं आजोबा काढतात, आणि जावळ कधी द्यायचं ते देव आणि थोरले दीर ठरवतात. आईला सांगून मी फक्त तिची रात्र खराब करणार.

म्हणून ज्याच्या हातचं काम, त्याच्याशीच मी बोलते.

नखांचं घ्या. आमच्याकडे शनिवारी नखं काढत नाहीत. काही घरांत मंगळवार चालत नाही, काहींत सोमवार, आणि दिवेलागणीनंतर तर कुठल्याच वारी नाही. सकाळी घाई असते. राहिला रविवार, त्या दिवशी मटण आणायचं असतं. अशानं दीड वर्षाच्या पोराची नखं मांजरासारखी होतात आणि नखांतली माती पोटात जाते. आजोबांना मी म्हणते, "आज्जोबा, रविवारी दुपारी बाळ झोपलं की काढा, झोपेत हलत नाही." त्यांना काम मिळतं, तेही झोपलेल्या नातवाजवळ बसून करायचं. एकदाही कुणी नाही म्हटलेलं नाही.

जावळाचं प्रकरण नाजूक. सौंदत्तीच्या यल्लम्माला नाहीतर जोतिबाला बोललेलं असतं, जायला जमत नाही, तोवर पोराचे केस खांद्याखाली येतात आणि त्यात उवा. अशा घरात कात्रीचं नाव काढायचं नाही. काढायची गरजही नाही. उवा फणीनं जातात. केस तेलानं नाहीतर पाण्यानं ओले करून, बारीक दातांच्या फणीनं बट बट सोडवून विंचरायचे, आणि दर खेपेला फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची म्हणजे काय निघालं ते दिसतं. एकदा करून थांबलं की फसगत होते, कारण लिखा आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात आणि नवी पिलावळ चालू लागते. दिवसाआड तरी दोन आठवडे विंचरावं लागतं, आणि पोराच्या उशीला डोकं लावणाऱ्या घरातल्या सगळ्यांनी. हे शेवटचं आज्जीला सांगायचं असतं, कारण पोर तिच्याच कुशीत झोपतं. ते मी चारचौघांत बोलत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला फोन करते. स्वयंपाक झालेला असतो, सून घरात नसते.

काजळावरून मी भांडत नाही. बाजारातल्या काही काजळांत शिसं सापडलेलं आहे, डॉक्टर घालू नका म्हणतात, हे एकदा सांगते आणि लगेच तडजोड पुढं करते, "आज्जी, तीट तळपायाला लावा, डोळ्यांत नको." नजर न लागण्याशी मतलब ना, तळपायाच्या तिटेनंही काम होतं. करगोट्याचंही तसंच. तो काढा म्हणण्याची हिंमत मी करणार नाही, पण डायपरखाली ओला राहून कंबरेला लाल वळ उठतो, म्हणून रोज धुऊन खालची जागा कोरडी करा एवढं म्हणते. पावडर मात्र मला मुळीच चालत नाही. जांघेत घामानं तिचा चिखल होतो. तो निपटताना पोर किंचाळतं आणि शेजाऱ्यांना वाटतं मी चिमटे काढते.

निपाणीकडच्या एक आज्जी होत्या, उभी हयात तंबाखूच्या वखारीत गेलेली. नातवाला सोडायला त्याच यायच्या. आल्या की पायरीवर बसून मिश्री लावायच्या. नातवाला दाढा येत होत्या, हिरड्या शिवशिवत होत्या, तो रडायला लागला की त्याच बोटानं त्याची हिरडी चोळायच्या. त्यातही मायाच होती, म्हणून बोलणं अवघड. मी तांब्या आणि साबण घेऊन गेले.

"आज्जी, हात पुढं करा."

"कशाला गे?"

"तंबाखू जातीया पोराच्या तोंडात."

"एवढ्याशानं काय व्हतंय?"

"तुम्ही पैल्यांदा मिश्री लावली तवा चक्कर आली न्हवती?"

हसल्या. "आली हुती की. भिताडाला धरून बसले हुते."

"तुम्ही तवा केवढ्या होतासा? हे नऊ किलोचं लेकरू."

बोटाकडे बघितलं त्यांनी, मग हात पुढं केला. मी पाणी घातलं. मिश्री काही सुटली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती डाव्या हातानं लावायला लागल्या आणि नातवासाठी उजवा हात राखून ठेवला. हिरडीला मी सांगितल्याप्रमाणं फ्रीजमध्ये गार केलेलं ओलं फडकं दिलं. हेच मी सुनेकरवी सांगितलं असतं तर त्या घरात चूल वेगळी व्हायची वेळ आली असती.

सांगण्याआधी विचारून घ्यायच्याही गोष्टी असतात. पोराला अंघोळ नाही, अंगाला आंबूस वास येतोय, असं दिसलं की मी पहिल्यांदा विचारते, पाणी आलं होतं काय? आमच्या गावाला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी. काही वॉर्डांत नळाला चोवीस तास पाणी, आणि बाकीच्यांनी पिंपं भरून दिवस मोजायचे. जुलैत उलटं. आभाळ फाटलेलं, खानापूरकडच्या मुलांचे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, ओलसर चड्डीनं पुरळ उठतं. तेव्हा उपदेश करून काय होणार? जाडी लंगोटी इस्त्री फिरवून वाळवा, म्हणते. आमच्याकडे आल्यावर पहिलं काम साबणानं हात धुणं, जेवणाआधी पुन्हा, शीनंतर पुन्हा. ते घरी व्हावं म्हणून चिठ्ठी पाठवावी लागत नाही. दोन वर्षांचं पोर घरी जाऊन आजोबांना जेवणावरून उठवतं. जंतांच्या गोळीचं मात्र मी स्वतः प्रत्येक घराला आठवण करून देते. दरवर्षी 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमाराला अंगणवाडीत अल्बेंडाझोल फुकट देतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी चुरून, त्यापुढं एक. पाळणाघरात जाणाऱ्यांना ती मिळत नाही असं लोकांना उगीचच वाटतं. अंगणवाडीत घेऊन जायचं, देतात.

शी-शूच्या सवयीबाबत मी उघडउघड आज्जीच्या बाजूची आहे. डायपर आल्यापासून आया तीन वर्षं निर्धास्त असतात आणि मग शाळेत नाव घालायच्या आधी महिनाभर पोराला धारेवर धरतात. उठल्यावर, दूध प्यायल्यावर, झोपेआधी न चुकता बसवायचं आणि "शूऽ शूऽ" करत थांबायचं, ही जुनी रीत चांगलीच आहे. फक्त आज्जी म्हणते, "आमची पोरं वर्षाची व्हायच्या आत सांगत होती." पोर सांगत नव्हतं, आज्जीला वेळ पाठ होती. बहुतेक मुलं दीड ते तीनच्या मधे कधीतरी स्वतः सांगायला लागतात. तोवर चड्डी ओली झाली म्हणून ओरडायचं नाही, एवढं मी आज्जीकडून कबूल करून घेते. ओरडलं की पोर शी दाबून ठेवतं आणि खडा धरतो.

आता शिस्त. "अक्का, द्या दोन फटके, आमची हरकत नाही," असं म्हणणारे बाप मला दर वर्षी भेटतात. शाळेत मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं बंदी आहे आणि तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. म्हणजे सहावीतल्या दांडग्याला हात लावता येत नाही, आणि दोन वर्षांच्याला मारा म्हणून मला सांगतात.

चावण्याचं म्हणाल तर बोलता येत नाही तोवर मुलं चावतातच. मी आधी ज्याला चावलं त्याला जवळ घेते, जागा साबणानं धुऊन गार फडकं ठेवते. कातडी फाटली असेल तर डॉक्टर. मग चावणाऱ्याच्या समोर खाली बसून हात धरून एकच वाक्य, "चावायचं नाही, दुखतं." लांब भाषण त्याला कळत नाही. घरच्यांना सांगताना "तुमचा मुलगा चावरा आहे" म्हणत नाही. वहीत लिहिलेलं वाचून दाखवते, जेवणाच्या आधी, भूक लागलेली, बॉलसाठी, दंडाला. असं काही दिवस लिहिलं की बहुतेक वेळा दिसून येतं की ते रोज त्याच सुमाराला चावतं. मग त्याचं ताट आधी वाढायचं, काम भागतं. कोण चावलं ते मी समोरच्या आईला सांगत नाही. अर्थात त्याचा काही उपयोग होत नाही. जखमी स्वतःच रिक्षात बसल्याबसल्या नाव घेतो, आणि आमच्या गल्लीत कोण कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक.

दोन गोष्टी मात्र मी आई, बाप, आज्जी सगळ्यांना एकत्र बसवून सांगते, कारण त्या सगळेच करतात. पोर पडलं की "कुठं लागलं? थांब, त्या फरशीला मारूया, हात रे!" म्हणून फरशीला चापट्या मारतात. पोराला वाटतं दुखलं की कुणाला तरी मारायचं असतं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पडलं की फरशीच्या जागी शेजारी बसलेल्या पोराला मारतं. दुसरी, "जेव, नाहीतर अक्काला सांगते." पूर्वी बागुलबुवा होता, पोलीसमामा होता, आता मी. सकाळी तेच पोर माझ्या दारात आईच्या पदराला लोंबकळून रडतं आणि आई म्हणते, "काय की हो अक्का, काल तर हसत गेला होता." याचा मला खरंच राग येतो, आणि तो मी लपवत नाही. भीती घालायचीच असेल तर दुसरं कुणीतरी बघा.

सगळं सांगूनही ऐकलं नाही तर काय, असं पुढं विचारतात. नखं, पावडर, काजळ यांचं मी पुन्हा काढते, पंधरा दिवसांनी, वेगळ्या माणसाजवळ. काका, आत्या, कुणीही चालतं. पण जुलाब, ताप, तोंडात आणि हातापायांवर फोड येणारा तो आजार, यांत तडजोड नाही. ताप उतरून फोड सुकेपर्यंत पोर घरी. बाकीच्या मुलांनी काय पाप केलंय? त्यासाठी नाव घालतानाच अटी वाचून दाखवते, कन्नड घरांना माझ्या मोडक्या कन्नडात, आणि दोन सह्या घेते. एक आईची किंवा बापाची. दुसरी घरात ज्याचा शब्द चालतो त्याची. अंगठाही चालतो, पण तो उठवायला त्यांनी स्वतः यावं लागतं.