मावशी, मिश्री सोडा

आमची लॅब एसटी स्टँडच्या समोर. या मावशी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या गाडीने येतात. सात वर्षांपूर्वी त्यांची हृदयातली मायट्रल झडप बदलून धातूची बसवली. दंडाला पट्टा बांधायला वाकलं की टिकटिक ऐकू येते, मनगटी घड्याळासारखी. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी ॲसिट्रॉमची गोळी आणि महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. त्यांचा आयएनआर २.५ ते ३.५ च्या मध्ये हवा. शंभर पानी वहीत लेकीच्या अक्षरात प्रत्येक आकडा लिहिलेला. कित्येक डॉक्टरांच्या फायलींपेक्षा ती वही नीटनेटकी आहे.

जुलैतल्या त्या सोमवारी सुई काढताना म्हणाल्या, "दादा, हिरड्यांतनं जरा रगत येतंय."

"मावशी, मिश्री सोडा," म्हणालो, कापूस दाबायला दिला आणि पुढच्याला आत घेतलं.

आयएनआरची ट्यूब निळ्या झाकणाची. आत ०.३ मिली सायट्रेट, रक्त गोठू न देणारं, त्यावर २.७ मिली रक्त, बरोबर रेघेपर्यंत. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वर जातो. या एका रेघेवरून मी नव्या पोरांना इतका छळतो की माझ्या मागे माझी नक्कल होते. टेस्ट आम्ही अजून हातानेच करतो. ३७ अंशांच्या पाण्यात नळी, प्लाझ्मा, त्यावर गोठणं सुरू करणारं रिएजंट, की स्टॉपवॉच सुरू. मग नळी तिरकी करकरून बघत राहायचं, जाळं कधी धरतंय. तुमचंआमचं १३ सेकंदांत धरतं, मावशींचं एरवी ३५ च्या आसपास. लोक 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात; पातळबितळ काही होत नाही, गोठायला वेळ लागतो, एवढंच. त्या दिवशी ४० झाले, ६० झाले, नळीत नुसतं पाणी हलावं तसं. ९१ ला धरलं. हिशोब केला: आयएनआर ८.५.

माझा पहिला संशय ट्यूबवर. रक्त मी स्वतः काढलेलं, रेघेपर्यंत भरलेलं, तरी. पुन्हा लावली. कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा नॉर्मल नमुना, लावलं, ते १३ वरच. तिसऱ्यांदा लावली. यात पाऊण तास गेला. हिरड्यांचं वाक्य मला तिसऱ्या वेळेला आठवलं.

फोन लागेना, म्हणून तसाच स्टँडवर पळालो. मावशी फलाटावरच्या बाकावर बसल्या होत्या, कोपर दुमडून, पदराचा बोळा टोचलेल्या जागी धरून. पदर ओला होता. पाऊण तास रक्त पाझरत होतं आणि बाई मुकाट्याने गाडीची वाट बघत होती.

विचारल्यावर सगळं निघालं. आठवड्यापूर्वी आव पडली होती. गावातल्या डॉक्टरने मेट्रोनिडाझोल दिलं. ते ॲसिट्रॉम शरीरात लवकर मोडू देत नाही, म्हणजे डोस तोच आणि जोर वाढलेला. त्यात आठ दिवस नुसती पेज. पालेभाजी नाही, म्हणजे रक्त गोठायला लागणारं 'व्हिटॅमिन के'सुद्धा नाही.

"झडपेची गोळी चालू आहे, सांगितलं नाही त्यांना?"

"त्यांनी कुठं इचारलं?"

खरंच आहे. मीही महिन्याला भेटतो आणि 'नवीन गोळी काही?' हे कधी विचारलं नव्हतं.

त्यांच्या डॉक्टरांना आकडा कळवला, त्याच दुपारी ॲडमिट झाल्या. डोक्यात, पोटात कुठे रक्तस्राव नव्हता. चौथ्या दिवशी घरी.

पुढच्या सोमवारी पुन्हा आल्या, मुलगा बरोबर. यावेळी १६ सेकंदांतच धरलं. आयएनआर १.२! हॉस्पिटलच्या कार्डावर लिहिलं होतं, कमी डोसने गोळी पुन्हा सुरू करा, दोन दिवसांनी तपासणी. इंग्रजीत, तळाशी, डॉक्टरी अक्षरात. घरच्यांना एवढंच समजलेलं की गोळीने रक्त येतं. म्हणून त्यांनी ती बंदच ठेवली. मुलगा उलट विचारत होता, बिनतपासणीच्या नव्या गोळ्या आल्यात ना? आल्यात, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

८.५ ला सगळे धावले होते, मी धरून. १.२ ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे आता कमी झालं की, बरंच आहे."

डॉक्टरांना फोन लावला. ते येईस्तोवर मावशींना आत बसवलं, पंखा बंद केला, पोरांना गप्प केलं आणि त्यांच्या शेजारी वाकून उभा राहिलो. टिकटिक येत होती. नेहमीसारखीच स्पष्ट होती का, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.