यूटोपियावर पीएचडी: आरआरसीत अडकलेल्या शीर्षकाचा अनुभव

पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा), मुलाखत, कोर्सवर्क सगळं सुरळीत झालं. अडलं ते आरआरसीत, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, तेही शीर्षकावर. 'समकालीन दक्षिण आशियाई इंग्रजी कथासाहित्यातील यूटोपिया' असा माझा विषय. यूटोपिया म्हणजे कल्पनेतलं आदर्श जग, डिस्टोपिया त्याच्या उलट, बिघडलेलं जग. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत आला, त्यावर शेरा: 'यूटोपियाऐवजी डिस्टोपिया घ्यावा.'

त्याचा राग अजून गेलेला नाही. समितीचं म्हणणं, आपल्याकडे आता आदर्श जग कोणी लिहीतच नाही. मंजुळा पद्मनाभन यांच्या 'एस्केप'मध्ये (२००८) बायकाच संपवून टाकलेला देश आहे, प्रयाग अकबर यांच्या 'लैला'त (२०१७) भिंतींनी चिरलेलं शहर. खरंय. पण 'लैला'तल्या भिंती शुद्धतेच्या स्वप्नातून उभ्या राहतात. ते स्वप्न कोणाचं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न यूटोपियाचाच आहे ना? एका सदस्यांना तर थॉमस मोरच्या १५१६ मधल्या 'यूटोपिया' या पुस्तकातल्या बेटासारखं अख्खं राज्यच हवं होतं.

तसं राज्य बंगाली लेखिका बेगम रोकेया यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाज ड्रीम'मध्ये रंगवलं: पुरुष पडद्याआड, कारभार बायकांच्या हाती, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक. पण त्यांच्याच १९२४ च्या 'पद्मराग'मध्ये राज्य नाही, तारिणी भवन आहे. निरनिराळ्या धर्मांच्या बायका तिथे शाळा आणि कामशाळा चालवतात. बाहेरचं जग होतं तसंच. कराचीच्या बीना शाह यांच्या 'बिफोर शी स्लीप्स'मध्ये (२०१८) हुकूमशाही शहराच्या पोटात, जमिनीखाली बायकांची 'पनाह', म्हणजे आसऱ्याची जागा, आहे. वंदना सिंह यांच्या 'इंद्राज वेब' या कथेत दिल्लीजवळच्या झोपडपट्टीच्या जागी सूर्यऊर्जेवर चालणारं आशापूर उभं राहतं. बिघडलेल्या जगाच्या आत, थोड्या जागेत, माणसांनी मिळून चालवलेलं काहीतरी: माझा सगळा प्रबंध यावर उभा आहे. गाईड मॅडम म्हणाल्या, "अगं, शब्द बदल, आत हवं ते लिही." मी बदलला नाही.

पुढची बैठक लागेपर्यंत नुसती वाट पाहिली. चिडचिड व्हायची, कारण २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे पीएचडीची कमाल सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, त्यात हा काळही जातो. म्हणून तुम्ही तेवढ्यात पहिलं प्रकरण लिहायला घ्या.

दुसऱ्या खेपेला मी यूटोपियाची ही माझी व्याख्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर आणली आणि प्रत्येक कलाकृतीपुढे तिच्यातली ती जागा नेमकी कोणती, ते लिहिलं. शीर्षक जसंच्या तसं मंजूर झालं. अभिमान वाटतो.

हो, आणि शेरा लेखीच मागा. तोंडी हरकतीला मुद्देसूद उत्तर देता येत नाही. 'दक्षिण आशियाई' म्हणणार असाल तर भारताबाहेरचे लेखक यादीत हवेतच, तो प्रश्न हमखास येतो. मान्यतापत्र हातात पडलं की शीर्षकाचं स्पेलिंग खिडकीशीच तपासून घ्या, नंतरच्या दुरुस्तीला पुन्हा अर्ज करावा लागतो.