जुलैत या जेवायला

गोव्यात खायला कधी यायचं असं कुणी विचारलं की मी जुलै सांगते, आणि समोरचा वेड्यासारखा बघतो. कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद, बाजारात नदीची नाहीतर होडीवाल्यांची थोडीफार मासळी आणि भाव असा की पिशवी रिकामीच घरी येते. हो, पण आमची जीभ या दोन महिन्यांत जेवढी खूश असते तेवढी डिसेंबरच्या फिश थाळीनं कधी होत नाही. ती थाळी आता सगळीकडे एकाच चवीची झालीय असं माझं मत, भांडायचं असेल तर भांडा.

पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे मध्येच भरायचं. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, सुके बांगडे, सुंगटां म्हणजे सुकी कोळंबी, सोलां म्हणजे आमसुलं, हरमलची मिरची, सगळं एका पिशवीत कोंबून बसमध्ये चढलं की शेजारची सीट आपोआप रिकामी होते.

मग धो धो पाऊस, लाईट गेलेली, आणि आई किसमूर करायला, म्हणजे सुक्या मासळीच्या कोशिंबिरीसाठी, सुंगटांची डोकी-शेपट्या खुडत बसलेली. मंद आचेवर कोरडीच भाजायची, बोटात धरली की कट्कन मोडली पाहिजेत, नाहीतर परत तव्यावर. तोवर बारीक कांदा, मीठ, मिरचीपूड आणि चिंचेचा कोळ हातानं चांगला चुरायचा, ओलं खोबरं घालायचं, वरून खोबरेल तेल, आणि सुंगटां मात्र अगदी शेवटी, पानं वाढून झाल्यावर. पाच-दहा मिनिटं थांबलात तर ती मऊ पडतात आणि मग ते किसमूर नाही, नुसता ओला कांदा. म्हणून आमच्याकडे फोनवर बोलत जेवायला येणाऱ्याला आई सरळ सांगते, "तुका उरलेलें मेळटलें."

सोबत उकड्या तांदळाची गरम पेज. बास. कधी रस्त्याकडेला पानावर आळमी, म्हणजे रानातली अळंबी, घेऊन कुणी बसलेलं दिसलं तर गाडी थांबतेच, भाव ऐकून पोटात गोळा येतो तरी घेतो, तिरफळाचा वास लागला की पैशाचं दुःख विसरतं.

ऑगस्टात ट्रॉलर सुटतात आणि आमच्याकडे थोड्याच दिवसांत श्रावण! मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होईपर्यंत अळसांद्याचं (चवळीचं) तोंडाक, म्हणजे दाट रस्सा, तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी, पंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. डब्यात सुंगटां उरली असतील तर ती तशीच थांबतात. यंदा काही उरणार नाहीत.