नववी ब आणि १९२ मतं

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हा सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं की मी आबांवर लिहायचं, म्हणजे भाई गणपतराव देशमुख, कारण सांगोल्याचा माणूस बाहेर कुठंही गेला की पहिला प्रश्न तोच येतो, अकरा वेळा आमदार झालेले ते तुमचेच ना. हो आमचेच. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ ला शेवटचे, मतदारसंघ एकच सांगोला, पक्ष एकच शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, तोही सगळीकडं आटत चाललेला. हे सगळ्यांनाच माहितीय. मला आठवतात ते मात्र ते पडले ते वर्ष.

१९९५. आम्ही नववी ब मधे. फेब्रुवारीत मतदान, त्यासाठी आपल्या शाळेत बूथ असायचा आणि नेमका आमच्याच वर्गात, त्यामुळं आदल्या दिवशी बाक व्हरांड्यात काढायचं काम आमच्याकडं. दुसऱ्या दिवशी वर्गात आलो तर फळ्याखाली लाखेचे थेंब पडलेले, मतपेटी सील करताना सांडलेले, ते नखानं खरवडून काढून आम्ही कंपासपेटीत ठेवले होते. का ठेवले देव जाणे. तेव्हा मशीन नव्हतं, कागदावर शिक्का मारायचा आणि मोजणी हातानं.

निकाल मार्चमधे लागला, वार्षिक परीक्षा तोंडावर. आबा पडले १९२ मतांनी आणि निवडून आले शहाजीबापू पाटील, तेच, ज्यांचं झाडी-डोंगार-हाटील २०२२ ला अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं. गावात काही घरी चूल पेटली नाही असं म्हणायचे, आमच्या घरी पेटली होती, आई म्हणाली पोरांनी काय उपाशी मरायचं का. अर्ध्या गावानं गुलालही उधळला, ते पण खरंय.

गणिताचे सर वर्गात आले आणि काही न बोलता फळ्यावर १९२ लिहिलं. तालुक्यात गावं किती? शंभराच्या वर. भागा. गावामागं दोन मतंसुद्धा पडत नव्हती. मग म्हणाले किती जणांनी शिक्का दुसरीकडं मारला असता तर निकाल फिरला असता, आम्ही सगळे ओरडलो १९२, सर म्हणाले गाढवांनो, ९७. एकाकडचं मत कमी झालं की दुसऱ्याकडं वाढतं. आणि मग नववी अ आणि ब ची पटसंख्या मिळवायला लावली, ती ९७ च्या वर गेली. वर्ग एकदम गप्प झाला. सर कुठल्या बाजूचे होते ते शेवटपर्यंत कळलं नाही, आम्ही शोधायचा प्रयत्न मात्र फार केला.

आबा त्याआधी १९७२ ला पण पडले होते, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९९ ला तसेच परत आले आणि विलासरावांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले, त्याआधीचं मंत्रिपद १९७८ चं, शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारमधलं. बाकी सगळी वर्षं विरोधी बाकावर. एसटीनं फिरणारा आमदार ही ख्याती, आम्हाला तर लहानपणी वाटायचं की एसटीत आमदारांसाठी राखीव म्हणून सीटवर लिहिलेलं असतं ते फक्त आबांसाठीच आहे, कारण दुसरा आमदार कुणी एसटीत बसलेला ऐकलाच नव्हता. मला मात्र ते त्या सीटवर कधी दिसले नाहीत, मी दरवेळी वाकून बघायचो.

पन्नास वर्षात काय केलं असं विचारणारेही तालुक्यात आहेत आणि ते काय सगळे विरोधकच नाहीत. टेंभू म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर ते किती वर्षं परिषदा आणि मोर्चे करत होते, आणि पाणी यायला आमची पिढी म्हातारी व्हायला आली. माझ्या वडलांनी टँकरनं पाणी घालून डाळिंब जगवलं. पण सूतगिरणी उभी राहिली आणि टिकली, सहकारातल्या किती गिरण्या बंद पडल्या ते बघता ही साधी गोष्ट नाही, आमच्या वर्गातल्या तिघांच्या घरी पगार तिथूनच यायचा.

२०१९ ला वय झालं म्हणून आबा उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले, समोर परत शहाजीबापूच. निकालाच्या संध्याकाळी मी सरांना फोन लावला, कितीतरी वर्षांनी. आवाज ओळखला त्यांनी. म्हणाले १९२ नं भाग. मी पुण्यात ऑफिसच्या पार्किंगमधे उभा राहून भागलं, बरोब्बर चार, बाकी शून्य. आम्ही दोघं हसलो बराच वेळ.

मग सरांनी विचारलं, मतदानाला आला होतास का?

माझं नाव अजून गावच्याच यादीत आहे, बूथ तोच, नववी ब. सोमवार होता, सुट्टी पण होती. दिवाळी आठवड्यावर आलेली म्हणून मी विचार केला होता की दोनदा कोण जाणार.