पिन अडकली ती हेडसेटबाहेर

व्हीआरमधून, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगातून, दिलेलं प्रशिक्षण तपासायचं असेल, तर शेवटची परीक्षा हेडसेट काढून खऱ्या वस्तूवर घ्यायची, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. त्याला वेळ जातो, परवानग्या लागतात, आणि कारखान्याचे व्यवस्थापक हमखास विचारतात, हेडसेटमध्येच गुण कळतात तर पुन्हा हा खटाटोप कशाला? चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यातला दिवस हे त्या प्रश्नाचं माझ्याकडचं सर्वांत पक्कं उत्तर आहे.

विषय होता आग विझवण्याचा. कारखान्याने तयार व्हीआर पाठ विकत घेतला होता. यंत्राशेजारी आग लागते. कामगाराने भिंतीवरचं सिलिंडर उचलायचं, पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी रोखायची, लिव्हर दाबायचा आणि फवारा डावी-उजवीकडे फिरवायचा. हे शिकणं खऱ्या आगीपुढे टिकतं का, एवढंच आम्हाला मोजायचं होतं. एका गटाला व्हीआर, दुसऱ्याला वर्गात व्हिडिओ आणि हाताळायला रिकामं सिलिंडर.

सकाळ हेडसेटमध्ये गेली. हे काम दिसतं त्याहून किचकट असतं. प्रत्येकाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून भिंगं त्याप्रमाणे सरकवावी लागतात. मोठ्या माणसांत ते सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बरंच बदलतं. अंबाडा घातलेल्या बायकांचा मागचा पट्टा वर सरकतो, भिंगं खाली येतात, चित्र धूसर होतं आणि डोकं दुखायला लागतं. तो त्रास नंतर ‘व्हीआर सोसत नाही’ या खात्यावर जमा होतो, म्हणून पट्टा अंबाड्याच्या खालून घेणं हेही प्रयोगाच्या लेखी सूचनांतच हवं. शेडच्या छतातून ऊन येत असेल, तर हेडसेट टेबलावर भिंगं वर करून ठेवायचा नाही. भिंगातून एकवटलेलं ऊन आतला पडदा कायमचा जाळतं.

मळमळ आणि गरगर मोजायला केनेडी आणि सहकाऱ्यांची 1993 सालची प्रश्नावली वापरतात. 16 लक्षणं, प्रत्येकाला 0 ते 3. ती व्हीआरच्या आधीही भरून घ्यावी असा माझा आग्रह असतो, कारण रात्रपाळी करून आलेला माणूस हेडसेट न लावताच थकवा, डोकं जड आणि डोळ्यांवर ताण यांवर खुणा करतो. आधीचे आकडे नसले, तर पाळीचा शीण हेडसेटच्या माथी बसतो.

हेडसेटमधले निकाल उत्तम होते. क्रम चुकत नव्हता, वेळ कमी होत होता, मंडळी उत्साहात होती.

दुपारी मागच्या आवारात लोखंडी ट्रे मांडला. तळाला पाणी, वर डिझेलचा पातळ थर, पेट घेण्यापुरतं पेट्रोल. वारा पाठीमागून येईल अशी उभं राहण्याची जागा. अग्निसुरक्षा प्रशिक्षक दुसरं भरलेलं सिलिंडर घेऊन बाजूला सज्ज. परीक्षेचं सिलिंडर सहा किलो ड्राय पावडरचं. धातूच्या टाकीसह वजन त्याहून कितीतरी जास्त. पावडर एकदा सुटली की काही सेकंदांचाच खेळ.

व्हीआर गटातल्या पहिल्या कामगाराने सिलिंडर झटकन उचललं, पिन धरली, ओढली. निघेना. आणखी जोर लावला, तरी निघेना. प्रशिक्षकाने पुढे होऊन आग विझवली. ‘मॅडम, आतमध्ये तर लगेच निघत होती,’ कामगार म्हणाला. ‘दादा, तुमचं काही चुकलेलं नाही,’ मी म्हटलं. त्याच्या मागून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं तेच झालं. वर्गातल्या गटाचे क्रम अधूनमधून चुकले, पण पिन कुणाचीच अडली नाही.

कारण व्हिडिओ सावकाश चालवल्यावर दिसलं. सिलिंडरच्या माथ्यावर दोन दांडे असतात. खालचा उचलायचा, पक्का, वरचा दाबायचा, तोच लिव्हर. पिन वरच्या दांड्याला अडवून धरते. दोन्ही दांडे एकाच मुठीत आवळले, की वरच्याचा सगळा दाब आडवा पिनेवर येतो आणि ती जागीच रुतते. शिवाय प्लास्टिकचं सील तोडायला पिन जरा पिळावी लागते. व्हीआरमध्ये हातात धरायच्या कंट्रोलरची मूठ आवळली की सिलिंडर ‘धरलं’ जात होतं, आणि लिव्हर होता वेगळ्या बोटाखालच्या ट्रिगरवर. म्हणजे ‘धरणं’ म्हणजे ‘आवळणं’ हेच हाताने पुन्हापुन्हा गिरवलं. खऱ्या सिलिंडरवर नेमकं तेच नको असतं. घाबरलेला माणूस तर आणखीच आवळतो. आमच्या विषयात याला नकारात्मक संक्रमण म्हणतात: आधीचं शिकणं पुढच्या कामाच्या आड येतं. काहीही न शिकलेला माणूस अशा वेळी कदाचित सिलिंडर जमिनीवर टेकवून पिन काढेल.

दुसरी गोष्ट अंतराची. व्हीआर गट आगीच्या फार जवळ गेला. हेडसेटमध्ये झळ लागत नाही, त्यामुळे मागे थांबायला शरीराला काही कारणच मिळत नाही. जळत्या तेलावर अगदी जवळून फवारा मारला, की त्याच्या जोराने तेल ट्रेबाहेर उडतं.

यावरून व्हीआर कुचकामी ठरवणं मला मान्य नाही. येल विद्यापीठातल्या 2002 सालच्या प्रसिद्ध अभ्यासात व्हीआरवर सराव केलेले शिकाऊ शल्यविशारद दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या खऱ्या शस्त्रक्रियेत 29 टक्के जलद होते आणि त्यांच्या चुकाही कमी होत्या. पण तिथे त्यांच्या हातात खऱ्या उपकरणांसारख्याच मुठी होत्या, आणि मोजणी खऱ्या शस्त्रक्रियेत झाली होती. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी 1901 मध्येच मांडलं होतं की एका कामातलं शिकणं दुसऱ्यात उतरतं ते दोन्हींत सामाईक असलेल्या घटकांपुरतं. चित्र किती हुबेहूब आहे यावर पैसा ओतला जातो. बोटांना काय जाणवतं ते कुणी विचारत नाही, याची मला खरोखर चिंता वाटते.

पाठात बदल सुचवले ते असे. हेडसेटआधी प्रत्येकाने रिकाम्या सिलिंडरवर पिन काढायची: सिलिंडर जमिनीवर, हात फक्त खालच्या दांड्याला, पिन पिळून सील तोडायचं, मग सरळ ओढायची. प्रत्येकासाठी नवं सील, कारण तुटलेल्या सीलवर सराव केला तर अर्धी अडचण गायबच होते. व्हीआरमध्ये मूठ पूर्ण आवळलेली असेल तर पिन निघू नये. फार जवळ गेलं तर तेल उडताना दिसावं. आणि हेडसेटचा वेळ निर्णयांसाठी राखावा: विजेच्या पॅनेलला कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, धूर खाली उतरू लागला की सिलिंडर टाकून बाहेर. हे प्रसंग खऱ्या शेडमध्ये उभे करता येत नाहीत, तिथे व्हीआरला तोड नाही.

या विषयात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हिडिओच्या नोंदी मी हाताने करायला लावते. उचलणं, पिनेला हात, पिन बाहेर, पहिला फवारा, आग विझली, या प्रत्येकाची वेळ. दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवायचं, मग कोहेनच्या कापाने, म्हणजे दोघांचं एकमत योगायोगापलीकडे किती हे सांगणाऱ्या आकड्याने, मेळ तपासायचा. केवळ एकूण वेळ मोजला असता तर व्हीआर गट ‘मंद’ एवढंच कळलं असतं. सगळा उशीर पिनेला हात लागणं आणि पिन बाहेर येणं यांच्या मध्ये साठला होता, हे त्या तक्त्यातूनच निघालं. कार्बन डायऑक्साइडच्या पाठाची तपासणी आता त्याच तक्त्याने करायची आहे, फक्त एक रकाना वाढवून: फवारा सुटताना हात कुठे आहे. तिथे सुटणारा वायू उणे 78 अंशांपर्यंत गार असतो, आणि तो ज्यातून सुटतो त्या भोंग्याला उघडा हात लावला तर गारठ्याने कातडी भाजते, हे कंट्रोलर धरून कुणालाच कळणार नाही.