तुला त्यातलं कळतं तरी का?

सुट्टीत सांगलीला गेले की आणि इथे अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या पॉटलकच्या जेवणालासुद्धा हा प्रश्न हमखास येतो, ऑपेरातलं तुला कळतं तरी का, आणि बघायचाच तर कॉलेजच्या पोरांचा कशाला, चार तासांवर शिकागो आहे, तिथला खराखुरा बघ की. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

नाही कळत. पहिल्यांदा गेले ते शेजारणीकडे एक तिकीट जास्तीचं होतं म्हणून, आणि बाहेर एवढी थंडी की दुसरं करायला काही नव्हतं. इंडियाना युनिव्हर्सिटीच्या म्युझिक स्कूलचं हे थिएटर १९७२ सालचं, चौदाशेच्या वर खुर्च्या. मला वाटलं गॅदरिंगसारखं काहीतरी असेल, आत जाऊन बघते तर स्टेजसमोरच्या खड्ड्यात अख्खा ऑर्केस्ट्रा, तोही पोरांचाच. आणि माइक नाही! हे मला इंटरव्हलमध्ये कळलं. एवढ्या वाद्यांच्या वरून तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी नुसत्या गळ्यावर पार बाल्कनीपर्यंत पोचत होती, आमच्या गल्लीत आरतीलासुद्धा स्पीकर लागतो.

मोझार्ट या संगीतकाराच्या ‘फिगारो’ या ऑपेराला मात्र मी चक्क झोपले. तीन तासांच्या वर चालतो, आणि त्यात साधं बोलणंही गाऊनच, म्हणजे ‘कोण आलंय बघ जरा’ हेसुद्धा सुरात, इटालियनमध्ये, वर पट्टीवर इंग्रजी वाचत बसायचं. जाग आली तेव्हा केरुबिनो नावाचा पोरगा गात होता. तो पोरगा नव्हताच, मुलगी होती, हे काम बाईनेच करायचं असं मोझार्टनेच लिहून ठेवलंय. म्हटलं वा, बालगंधर्वांच्या उलटं! मग नाही झोपले.

त्याचाच ‘मॅजिक फ्लूट’ १७९१ चा, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’च्या ८९ वर्षं आधीचा, पण त्यात गद्य बोलतात आणि मग पद सुरू होतं, अगदी आपल्या संगीत नाटकासारखं. तिथे मला घरी आल्यासारखं वाटलं. त्यातल्या रात्रीच्या राणीचं टिपेचं गाणं संपलं तेव्हा वन्स मोअर तोंडाशी आला होता, नवऱ्याने हात दाबला. (इथे बाईला ब्रावा म्हणायचं, पुरुषाला ब्रावो. मी सगळ्यांना ब्रावोच म्हणते.)

आता पोरांचाच का. एकाच ऑपेराला बहुतेक दोन कास्ट असतात, आज एक उद्या दुसरी, आणि मी जमलं तर दोन्ही बघते. तेच गाणं, तेच कपडे, पण काल जिथे ती दम घेऊन थांबली तिथून आजची सरळ पुढे जाते, असं शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय माझ्यासारखीला फरक कळलाच नसता. शिवाय हे आवाज पिकायला वेळ लागतो म्हणे, जड आवाज तर तिशीनंतर बसतात. त्यामुळे बाप, राजे, महंत सगळे केसांना पांढरा रंग लावलेली पंचविशीची पोरं. सुरुवातीला हसू यायचं, आता मी त्यांचीच जास्त वाट बघते.

गेल्या खेपेचा ‘फ्लूट’मधला खर्जात गाणारा महंत, सारास्ट्रो, सोमवारी ग्रोसरीच्या दुकानात दिसला. गळ्याला मफलर, हातात नूडल्सची पाकिटं. न राहवून म्हटलं, शुक्रवारी तुम्हाला ऐकलं. थँक्यू वगैरे म्हणाला आणि लगेच विचारलं, कुठे बसला होतात?

बाल्कनीत, म्हटलं, मागच्या रांगेत.

‘खालचे सूर आले तिथपर्यंत?’