तुम्ही विचारलंत म्हणून: पॅथॉलॉजी घ्यावी का?

नीट-पीजीचं काउन्सेलिंग सुरू झालं की मला फोन येऊ लागतात, बहुतेक आईवडिलांचेच. "डॉक्टर, मुलीला पॅथॉलॉजी मिळतेय. पण आता एआयच स्लाइड बघणार म्हणतात. घ्यावी का?" मी नागपुरात पॅथॉलॉजिस्ट आहे आणि माझा निम्मा दिवस त्या एआयपायीच जातो, म्हणून मला विचारतात.

घ्यावी. पण एआयच्या ओढीने नको.

विदर्भात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, कृपा, त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे नमुने आम्हाला कधी कमी पडत नाहीत. गालाचा तुकडा फॉर्मेलिनमधून येतो, मेणात बसतो, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, निघतात. रंगवलेली स्लाइड स्कॅनर ४० एक्सला टिपतो. एक पिक्सेल म्हणजे साधारण पाव मायक्रॉन, आणि फाइल सहज जीबीच्या घरात. त्या चित्रावर मी माउसने हद्द आखत बसतो: इथवर कॅन्सर, इथून पुढे नुसतं इन्फ्लमेशन, म्हणजे दाह. एआयचं मॉडेल शिकतं ते या रेघांवरून. कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकी नियमावलीच्या आठव्या आवृत्तीपासून तोंडाच्या गाठीची खोली स्टेजमध्ये धरतात. लहानशी गाठही ५ मिमीपेक्षा खोल गेली तर टी१ची टी२ होते, म्हणजे गाठ वरच्या टप्प्यात जाते. आता सेक्शन तिरका गेला असेल, तर खोली फसवी दिसते. ते ओळखायला ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना डोळ्यांनी तपासून कापण्याच्या, वेळी तुकडा हातात घेतलेला असावा लागतो. मॉडेल आपलं बिनधास्त आकडा देऊन मोकळं.

त्यात आमचा मे महिना. मेण मऊ पडतं, ब्लॉक बर्फावर ठेवून कापावे लागतात, तरी सेक्शनला घडी पडतेच. मग स्कॅनरचा फोकस त्या घडीवर बसतो आणि शेजारचं सगळं धूसर. "सर, मशीनला चष्मा लागला," आमचा टेक्निशियन म्हणतो. शिवाय एका लॅबच्या गुलाबी-जांभळ्यावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या लॅबच्या फिकट ईओसिनपुढे (हा स्लाइडचा गुलाबी रंग) गडबडतं. चांगल्या टेक्निशियनचा पगार वाढवा, मग संगणक घ्या, असं मी मॅनेजमेंटला सांगतो. ऐकतात असं नाही.

यंत्र कुचकामी आहे, असं मात्र समजू नका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये लिम्फ नोडमधली (लसिका गाठींमधली) पसरण शोधायच्या कॅमेलिऑन१६ या अल्गोरिदमांच्या स्पर्धेचा निकाल २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. घड्याळ लावून बसवलेल्या ११ पॅथॉलॉजिस्टांपेक्षा सर्वोत्तम अल्गोरिदम सरस ठरले. वेळेचं बंधन नसलेल्या एकाशी मात्र बरोबरी झाली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने प्रोस्टेट बायोप्सीतली संशयित जागा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, तीही पॅथॉलॉजिस्टचा मदतनीस म्हणूनच.

कोडिंग? थोडं पायथन (ही प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि बऱ्यापैकी स्टॅटिस्टिक्स पुरे, तेही एमडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात जमतं. कॉलेज निवडताना तिथे स्कॅनर आहे का, हे विचारू नका. बायोप्सी किती येतात, रेसिडेंटला, म्हणजे एमडीच्या विद्यार्थ्याला, स्वतः ग्रॉसिंग करू देतात का आणि जुने मेणाचे ब्लॉक सांभाळून ठेवलेत का, हे विचारा.